बाँडपटातून निघालेली मिरवणूक

२०१५ साली ‘स्पेक्टर’ हा जेम्स बाँडचा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीलाच मेक्सिको सिटीच्या जुन्या पेठेतून एक अजस्र मिरवणूक चाललेली दिसते. सांगाड्यांचे वेश केलेली माणसं, गर्दीच्या डोक्यावरून डुलत जाणाऱ्या कवट्या, ढोलांचा गजर. आणि या सगळ्यातून काळ्या कोटावर पांढरी हाडं, तोंडावर कवटीचा मुखवटा आणि डोक्यावर उंच टोपी घातलेला बाँड एका सुंदरीला घेऊन निवांत चाललेला. मेक्सिकोत मृतांचा दिवस असाच साजरा होतो, अशी जगभरच्या प्रेक्षकांची समजूत झाली. मेक्सिको सिटीच्या रहिवाशांना मात्र प्रश्न पडला, की अशी मिरवणूक आपल्या शहरात निघते तरी कधी?

निघतच नव्हती. ती चित्रपटासाठी रचलेली होती.

पण मेक्सिकोच्या पर्यटन खात्याचा हिशेब सरळ होता. चित्रपट पाहून पाहुणे येणार, मिरवणूक कुठे आहे म्हणून विचारणार, आणि ती नाही असं सांगण्यापेक्षा काढलेली बरी. २९ ऑक्टोबर २०१६ च्या शनिवारी पासेओ दे ला रेफोर्मा या राजरस्त्यावरून सोकालोपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती महाचौकापर्यंत, पहिली मिरवणूक निघाली. लाखो लोक लोटले. वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी लिहून आलं. एका मताने हा परंपरेचा बाजार होता, तर दुसऱ्या मताने शहराला इतका आनंद होत असेल तर बिघडलं कुठे? आज ही मिरवणूक शहराच्या दिनदर्शिकेत पक्की बसली आहे. ती ‘खरी’ की ‘बनावट’ हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. तो सोडवायचा तर आधी मुळात खरं काय होतं, ते पाहावं लागतं. आणि तिथेच गंमत सुरू होते.

मृतांचा दिवस, स्पॅनिशमध्ये ‘दीआ दे मुएर्तोस’, हा मुळात रस्त्यावरचा सण नाही. तो घरात आणि दफनभूमीत होतो. ऑक्टोबरच्या अखेरीस घरातल्या एका भिंतीलगत टेबल लागतं, त्यावर खोकी रचून पायऱ्या केल्या जातात, वर स्वच्छ कापड अंथरलं जातं. या मांडणीला ओफ्रेंदा म्हणतात. पायऱ्या किती असाव्यात याचे गावोगावचे नियम वेगळे. वर गेलेल्यांचे फोटो आणि ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे मेरीची, तसबीर. खाली पाण्याचा पेला, कारण लांबून येणाऱ्याला तहान लागलेली असते. मीठ. मेणबत्त्या. कोपाल नावाच्या झाडाच्या राळेचा धूप. बाजूंनी पतंगाच्या कागदाइतक्या पातळ रंगीत कागदांची कातरनक्षी. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइश्कोलोत्ला या गावचे कारागीर कागदांची चळतच्या चळत एकदम छिन्नीने कोरतात आणि त्यांचं काम देशभर जातं.

मग येतं जेवण. सुक्या मिरच्यांपासून कधी कधी चॉकलेटपर्यंत वीसेक जिन्नस घालून रटरटवलेला मोले, मक्याच्या किंवा केळीच्या पानात वाफवलेले तामालेस, फळं, आणि ‘पान दे मुएर्तो’ हा खास याच दिवसांचा गोडसर गोल पाव, ज्याच्या वर कणकेचीच हाडं चिकटवलेली असतात. शिवाय गेलेल्या माणसाची म्हणून जी आवड असेल ती. आजोबा मेस्कल पीत असतील तर मेस्कलची बाटली, आत्या सिगारेट ओढत असेल तर तिच्या ब्रँडचं पाकीट, कुणाला कोकाकोला. मेल्यावर माणसाला सोवळं करून घ्यायची भानगड इथे नाही. १ नोव्हेंबर लहान मुलांचा. त्यांना ‘आंगेलितोस’, छोटे देवदूत, म्हणतात. त्यांच्यासाठी खेळणी, मिठाई आणि तिखट न घातलेलं जेवण. २ नोव्हेंबर मोठ्यांचा. काही भागांत अपघाताने किंवा हिंसेने गेलेल्यांना २८ ऑक्टोबरचा वेगळा दिवस मिळतो.

या सगळ्यावर पसरलेली असतात केशरी फुलं. त्यांना तिथे सेंपासूचिल म्हणतात. पाकळ्यांची वाट रस्त्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओफ्रेंदापर्यंत काढली जाते, म्हणजे आत्म्याला रंगाच्या आणि वासाच्या खुणेने घर सापडावं. इथे मराठी वाचकाने जरा थांबायला हरकत नाही, कारण हे फूल त्याच्या ओळखीचं आहे. हा झेंडू. दसऱ्याच्या तोरणात आंब्याच्या पानांना लगटून बसलेला, आपल्याला अगदी वैदिक काळापासूनचा वाटणारा हा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. मिरची, पेरू, सीताफळ यांच्यासारखाच तो युरोपियांनी अमेरिका गाठल्यानंतर इकडे आला. भारतात त्याला पोर्तुगिजांनी आणलं असं मानलं जातं. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोच्या पाणथळीतल्या शेतांत तो आजही ऑक्टोबरमध्ये फुलतो आणि गाड्या भरभरून शहरात येतो. साधारण त्याच सुमारास दादरच्या फुलबाजारातही त्याचेच ढीग लागलेले असतात.

दफनभूमीतल्या रात्री गावागणिक वेगळ्या. मिचोआकान राज्यात पात्स्क्वारो सरोवरातल्या हानित्सिओ बेटावर पुरेपेचा समाजाच्या बायका कबरीशेजारी घोंगड्या पांघरून मेणबत्त्यांच्या उजेडात रात्र काढतात. मेक्सिको सिटीच्याच हद्दीत, आग्नेय टोकाला असलेल्या मिस्किक गावात २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सगळं स्मशान हजारो ज्योतींनी उजळतं. वासतेका भागात मुखवटे घालून नाचणाऱ्यांची टोळकी घरोघर फिरतात. आणि कांपेचे राज्यातलं पोमुच हे माया लोकांचं गाव तर या सगळ्यांच्या एक पाऊल पुढे गेलेलं. तिथे दफनानंतर काही वर्षांनी अस्थी बाहेर काढून लाकडी पेटीत ठेवतात. पेटी उघडीच असते, आत भरतकाम केलेलं पांढरं कापड. दर वर्षी नातेवाईक येतात, एकेक हाड ब्रशने हळुवार पुसतात, जुनं कापड बदलून नवं घालतात. बाहेरच्याला शहारा येईल असं हे काम तिथे गप्पा मारत चालतं.

आता हा सण किती जुना? पर्यटन पुस्तिका छातीठोक उत्तर देतात: तीन हजार वर्षं, आझ्टेक परंपरा. इतिहासकार इतके निःशंक नाहीत.

आझ्टेकांकडे मृतांचे उत्सव होते, यात वाद नाही. त्यांच्या पंचांगात लहान मृतांचा एक महिना आणि थोर मृतांचा त्याला लागून दुसरा महिना होता, पण ते यायचे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. मृत्यूनंतर कुठे जायचं हे माणूस कसा जगला यावर नाही, तर कसा मेला यावर ठरायचं, ही त्यांची कल्पना फार विलक्षण होती. युद्धात पडलेला योद्धा आणि बाळंतपणात गेलेली बाई यांची जागा सूर्याच्या सोबतीला, दोघांचा मान सारखाच. बुडून मेलेला जलदेवतेच्या हिरव्या राज्यात. तान्ही मुलं अशा एका झाडाखाली, ज्याच्या फांद्यांतून दूध ठिबकतं. आणि साध्या मरणाने गेलेल्या बाकी सगळ्यांना मिक्त्लान या पाताळातले नऊ टप्पे ओलांडत चार वर्षांचा प्रवास. वाटेतली नदी पार करायला कुत्रा लागायचा. मिक्त्लानची राणी मिक्तेकासिवात्ल. आजच्या मिरवणुकीत कवटीचं तोंड रंगवून फिरणाऱ्या बायका तिचाच अवतार आहेत, असं अनेकदा सांगितलं जातं.

पण १ आणि २ नोव्हेंबर या तारखा शुद्ध कॅथलिक आहेत. १ नोव्हेंबर सर्व संतांचा. २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना करण्याचा पायंडा दहाव्या-अकराव्या शतकाच्या सांध्यावर फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो याने घातला. वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा दिवस सांगायला नको. तेही २ नोव्हेंबरला दफनभूमीत जाऊन कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात. कबरीवर खाद्यपदार्थ नेणं, मृतांसाठी खास पाव भाजणं, हाडांच्या आकाराची मिठाई करणं हेही जुन्या स्पेनमध्ये आणि इटलीत होतंच. साखरेच्या कवट्यांचं तर उघडच आहे. ऊस मेक्सिकोत आणला स्पॅनिशांनी, साखरेचा पाक ओतून आकृती करण्याचं कसबही युरोपातलं. अठराव्या शतकात आलेल्या फ्रान्सिस्को दे आहोफ्रिन या कापुचिन साधूने मेक्सिको सिटीच्या बाजारात या दिवसांत विकल्या जाणाऱ्या साखरेच्या आकृत्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. आज तोलुका शहरात या साखरकामाची मोठी जत्राच भरते.

२०१५ साली मेक्सिको सिटीतल्या आझ्टेकांच्या महामंदिराजवळ पुरातत्त्वज्ञांना कवट्यांचा एक बुरूज सापडला. बळी दिलेल्यांच्या कवट्या चुन्यात रचून उभारलेला. पुढच्या काही वर्षांत सहाशेहून अधिक कवट्या तिथे मोजल्या गेल्या. हीच साखरेच्या कवटीची आजी, असं म्हणण्याचा मोह आवरत नाही. पण बळीची कवटी भीती घालण्यासाठी मांडलेली होती, आणि साखरेची कवटी कपाळावर नाव लिहून मित्राला खायला देतात. मध्ये दोनशे-अडीचशे वर्षांची पोकळी आहे. एल्सा मालविदो या मेक्सिकन इतिहासकार बाईंनी तर हा सण मुख्यतः युरोपीय कॅथलिकच आहे, आणि त्याला आझ्टेक ठरवणं हे विसाव्या शतकातल्या राष्ट्रवादी विद्वानांचं काम, असं स्पष्ट मांडलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, आणि त्यालाही कारण आहे. सोळाव्या शतकात दिएगो दुरान हा दोमिनिकन साधू तक्रार करतो, की हे लोक सर्व संतांच्या दिवशी लहान मृतांना आणि दुसऱ्या दिवशी मोठ्यांना नैवेद्य दाखवतात. ‘मला संशय आहे, की आपला जुना सण ते आमच्या सणाच्या आडोशाने साजरा करताहेत,’ असं तो म्हणतो. दुरानचा संशय बहुधा खरा असावा. साधूने दिलेल्या तारखेच्या पोटात लोकांनी आपला सण घातला. म्हणजे मिश्रण सोळाव्या शतकातच झालं होतं.

सणाचा आजचा चेहरा तर याहूनही बराच अलीकडचा. तो एका गरीब कोरीवकामगाराच्या हातून आला.

होसे ग्वादालुपे पोसादा १८५२ साली आग्वासकालिएंतेस शहरात जन्मला. राजधानीत आंतोनियो वानेगास आरोयो नावाच्या प्रकाशकाकडे तो धातूच्या पत्र्यांवर चित्रं कोरायचा. ही चित्रं स्वस्त, एकपानी छापील कागदांवर जायची: खून, चमत्कार, अपघात, नेत्यांची टिंगल. मृतांच्या दिवसाच्या सुमारास जिवंत माणसांच्या मृत्युलेखांची गमतीदार पद्यं छापायची पद्धत होती, ती आजही जोरात आहे. या पद्यांत मंत्र्यापासून शेजाऱ्यापर्यंत कुणालाही मारून टाकलेलं चालतं. त्यांच्यासोबत पोसादा सांगाडे काढायचा: सायकल चालवणारे, दारू पिणारे, भाषण ठोकणारे. त्याच्या शेवटच्या वर्षांतलं एक चित्र म्हणजे भपकेदार पिसांची टोपी घातलेली कवटी. आपलं आदिवासी मूळ लपवून युरोपीय बाईचा आव आणणाऱ्यांची ती थट्टा होती. २० जानेवारी १९१३ ला पोसादा मेला तो कंगाल अवस्थेत. गरिबांना मिळणाऱ्या फुकटच्या कबरीत त्याला पुरलं, आणि मुदत संपल्यावर कुणी दावेदार आला नाही म्हणून अस्थी काढून सामाईक खड्ड्यात टाकल्या गेल्या. मृतांच्या सणाला चेहरा देणाऱ्या माणसाची स्वतःची कबर नाही.

पुढे चित्रकारांच्या नव्या पिढीने त्याला शोधून काढलं. १९४७ साली दिएगो रिवेराने शहरातल्या देल प्रादो हॉटेलसाठी सुमारे १५ मीटर लांबीचं भित्तिचित्र रंगवलं. मेक्सिकोचा चारशे वर्षांचा इतिहास एका रविवारच्या दुपारी आलामेदा बागेत फिरायला आला आहे. अगदी मधोमध पोसादाची ती कवटी उभी आहे. आता तिला अंग आलं आहे, पायघोळ झगा आला आहे, गळ्यात पिसांचा साप आला आहे. तिच्या एका हाताला स्वतः पोसादा, दुसऱ्या हाताला धरून बालवयातला रिवेरा, मागे त्याची चित्रकार पत्नी फ्रिदा काहलो. कात्रिना म्हणून आज जगभर ओळखली जाते ती ही. म्हणजे सणाची सगळ्यात ‘प्राचीन’ दिसणारी नायिका आधी राजकीय व्यंग्यचित्र होती आणि मग एका हॉटेलची सजावट. १९८५ च्या १९ सप्टेंबरच्या भूकंपात ते हॉटेल निकामी झालं. भिंत मात्र वाचली आणि अख्खीच्या अख्खी रस्त्यापलीकडे नव्या संग्रहालयात नेली गेली. आग्वासकालिएंतेस शहराने १९९४ पासून आपल्या या पुत्राच्या नावाने कवट्यांचा महोत्सव सुरू केला.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या क्रांतीनंतरच्या मेक्सिकोला स्पेनहून वेगळी, स्वतःची म्हणता येईल अशी ओळख हवी होती. मृत्यूशी हसत-खेळत राहणारा मेक्सिकन माणूस ही प्रतिमा त्या गरजेतून मोठी झाली. सर्गेई आयझेन्स्टाइन हा रशियन दिग्दर्शक १९३० च्या दशकाच्या आरंभी तिथे अपुरा राहिलेला चित्रपट करायला गेला, त्याचा शेवट मृतांच्या दिवसावरच योजलेला होता. ऑक्ताव्हियो पास या कवीने १९५० च्या आपल्या प्रसिद्ध निबंधग्रंथात या सणाला एक प्रकरण दिलं आणि ती प्रतिमा सुशिक्षितांच्या मनात कायमची ठसली. (हाच पास १९६२ पासून दिल्लीत मेक्सिकोचा राजदूत होता, आणि १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये तलातेलोल्को चौकात सरकारने विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या तेव्हा निषेध म्हणून त्याने ते पद सोडलं.) क्लॉडिओ लोमनित्स या मानववंशशास्त्रज्ञाने २००५ च्या पुस्तकात दाखवून दिलं आहे, की मृत्यू हे मेक्सिकोचं जणू राष्ट्रीय दैवत कसं होत गेलं. त्या हसऱ्या प्रतिमेत थोडा खोटेपणाही आहे. पोमुचची बाई हाडं पुसताना गप्पा मारते म्हणून तिला दुःख होत नाही, असा अर्थ काढणारा प्रवासलेखक आळशी म्हणावा लागेल.

शहरातला सार्वजनिक उत्सव म्हणून या सणाची पहिली मोठी घडण झाली ती मात्र मेक्सिकोत नाही, सीमेपलीकडे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतले मेक्सिकन वंशाचे तरुण आपल्या हक्कांसाठी लढत होते. व्हिएतनाम युद्धात त्यांच्या समाजातली मुलं मोठ्या संख्येने मरत होती. १९७० च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या युद्धविरोधी मोर्चाच्या दिवशी पोलिसांच्या अश्रुधुराच्या नळकांडीने रुबेन सालाझार या पत्रकाराचा जीव गेला. त्याच वस्तीत सिस्टर कॅरेन बोकालेरो ही फ्रान्सिस्कन जोगीण छापचित्रांची कार्यशाळा चालवायची, ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स’. तिने आणि तिच्या सोबतच्या कलावंतांनी मृतांच्या दिवसाची मिरवणूक आणि ओफ्रेंदांचं प्रदर्शन सुरू केलं. तिथल्या अनेक घरांत हा सण दोन पिढ्यांमागेच सुटलेला होता, त्यामुळे काही जण तो मेक्सिकोहून आलेल्या कलावंतांकडून नव्याने शिकले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात ‘गालेरिया दे ला रासा’ या कलादालनाने १९७२ मध्ये पहिलं प्रदर्शन केलं. पुढे तिथल्या रात्रीच्या मिरवणुकीत एड्सने गेलेल्या मित्रांचे फोटो आले. शेतमजुरांच्या संघटनांनी कीटकनाशकांनी मेलेल्या कामगारांच्या ओफ्रेंदा मांडल्या. शिकागोच्या पिल्सन वस्तीत १९८७ साली उघडलेलं मेक्सिकन कलेचं संग्रहालय दर शरद ऋतूत याच विषयावर प्रदर्शन भरवतं, प्रवेश मोफत. ॲरिझोनातल्या टूसॉन शहरात एका कलावंत बाईने १९९० मध्ये वडील गेल्यावर जी छोटी फेरी काढली, तिचं आज हजारोंच्या मिरवणुकीत रूपांतर झालं आहे. लोक आपल्या मृतांना लिहिलेल्या चिठ्ठ्या एका मोठ्या कलशात टाकतात आणि शेवटी तो पेटवला जातो.

घरातली ओफ्रेंदा आपल्या माणसांपुरती असते. शहरात आल्यावर ती दुसरंच काम करू लागली. ज्यांच्या मरणाची सरकारने किंवा समाजाने नोंद घेतली नाही, त्यांची नावं चौकात मांडण्याची ती जागा झाली. शहरी महोत्सवाचं मोल ठरवायचं असेल तर याच कसोटीवर ठरवावं, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं.

बाजारालाही याचा वास लागायचा राहिला नाही. २०१३ साली डिस्ने कंपनीने एका चित्रपटाच्या तयारीत या सणाच्या स्पॅनिश नावावरच व्यापारचिन्हाचा हक्क मागितला. लोक इतके भडकले, की अर्ज काही दिवसांतच मागे घ्यावा लागला. कवटीच्या रूपातला अक्राळविक्राळ उंदीर काढून कंपनीची खिल्ली उडवणारे व्यंग्यचित्रकार लालो आल्काराझ यांना पुढे त्याच चित्रपटासाठी सल्लागार म्हणून बोलावलं गेलं, हा त्यातला सगळ्यात शहाणा निर्णय. तो चित्रपट ‘कोको’. २०१७ च्या ऑक्टोबरात तो मेक्सिकोत अमेरिकेच्या आधी लागला आणि तिथे प्रचंड चालला. त्यातले रंगीबेरंगी अद्भुत प्राणी, आलेब्रिहे, हेही काही प्राचीन नाहीत. पेद्रो लिनारेस नावाच्या कागदलगद्याच्या कारागिराला १९३० च्या दशकात तापाच्या भरात ते दिसले आणि बरा झाल्यावर त्याने ते घडवले. सणाशी त्यांचा संबंध नंतर जुळला. २००७ पासून मेक्सिको सिटीचं लोककला संग्रहालय त्यांची वेगळी मिरवणूक काढतं.

आता पुन्हा बाँडच्या मिरवणुकीकडे. पहिल्या वर्षी ती खरोखरच चित्रपटाची नक्कल होती. दुसऱ्या वर्षी, १९ सप्टेंबर २०१७ ला, दुपारी सव्वाच्या सुमारास ७.१ क्षमतेचा भूकंप झाला. १९८५ च्या भूकंपाची तीच तारीख. त्याच सकाळी शहराने भूकंपाची रंगीत तालीमही केली होती. राजधानीत २२८ माणसं गेली. ढिगाऱ्यांवर बचावपथकं काम करताना कुणीतरी मूठ वर करायचं, आणि अख्खा रस्ता चिडीचूप व्हायचा, खालून कुणाचा आवाज येतो का ते ऐकायला. पाच-सहा आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरला मिरवणूक निघाली तेव्हा ती भूकंपात गेलेल्यांना आणि वाचवणाऱ्यांना वाहिलेली होती, आणि तिच्यात ती वर केलेली मूठ होती. बाँडपट तिथे संपला. २०१८ ची मिरवणूक स्थलांतरितांच्या नावाने निघाली. मध्य अमेरिकेतून हजारोंचे तांडे तेव्हा मेक्सिको ओलांडत चालले होते. २०२० मध्ये करोनामुळे मिरवणूक रद्द झाली, राजधानीतल्या दफनभूमी बंद राहिल्या, तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला गेला. लोकांनी घरातल्या टेबलावर परत ओफ्रेंदा मांडल्या, आणि त्या वर्षी अनेक घरांत फोटो वाढले होते.

सगळे मृत मात्र या मांडणीत मावत नाहीत. मेक्सिकोत अधिकृत नोंदीनुसार बेपत्ता माणसांची संख्या २०२२ च्या मे महिन्यात एक लाखावर गेली. त्यांत २०१४ च्या सप्टेंबरात इग्वाला शहरातून नाहीसे झालेले आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयाचे ४३ विद्यार्थीही आहेत. बेपत्ता मुलाचा फोटो ओफ्रेंदावर ठेवणं म्हणजे तो मेला हे कबूल करणं, म्हणून कितीतरी आया तो ठेवत नाहीत. तोच फोटो छातीशी धरून मोर्चात मात्र जातात. २०१९ च्या नोव्हेंबरात, हत्या झालेल्या मुलींच्या आया आणि इतर बायका राजधानीत क्रूस घेऊन चालल्या. आणि २०२५ च्या १ नोव्हेंबरला मिचोआकानमधल्या उरुआपान शहरात मेणबत्त्यांचा उत्सव चालू असताना, भर चौकात, गुन्हेगारी टोळ्यांविरुद्ध जाहीरपणे बोलणारे महापौर कार्लोस मान्सो यांना गोळ्या घातल्या गेल्या. मृत्यूशी दोस्ती करणारा देश, हे पर्यटन पुस्तिकेतलं वाक्य त्या चौकात वाचून दाखवायची कुणाची हिंमत होणार नाही.

युनेस्कोने या परंपरेचा २००३ मध्ये गौरव केला आणि २००८ मध्ये तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्या नोंदीत मिरवणूक नाही. मिरवणूक तेव्हा नव्हतीच. नोंद आहे ती आदिवासी समाजांच्या सणाची, मक्याचं पीक हाती येण्याच्या हंगामाशी बांधलेल्या, घरातल्या आणि गावातल्या सणाची. पुस्तिकांमधून दोन्हींची सरमिसळ सर्रास होते. तरी मिरवणूक बनावट आहे हा आरोप २०१६ सालापुरताच टिकतो. एकदा शहराने तिच्यात स्वतःची माणसं आणून ठेवली, की ती शहराची झाली. साधूंची तारीख, स्पेनची साखर, छापखान्यातली कवटी आणि हॉटेलची भिंत ज्या सणाने पचवली, त्याला एक बाँडपट जड जाण्याचं कारण नव्हतं.

कुणा वाचकाला कधी मेक्सिकोला जाण्याचा योग आलाच, तर त्याने मिरवणूक आणि दफनभूमी दोन्ही पाहाव्यात, पण दोन्हीकडे सारखंच वागू नये. रेफोर्माच्या रस्त्यावर तोंड रंगवून घ्यावं, नाचावं, हवे तेवढे फोटो काढावेत. ती त्यासाठीच आहे. मिस्किकला किंवा हानित्सिओला शेजारच्या कबरीवर बसलेलं कुटुंब आपल्या आजीबरोबर जेवत असतं. तिथे कॅमेरा काढण्याआधी विचारावं, पाकळ्यांची वाट ओलांडताना तिच्यावर पाय पडू देऊ नये, आणि कुणी पावाचा तुकडा पुढे केला तर नको म्हणू नये.